पहिल्या रविवारची बाटली

सोमवार, ता. २ जून

श्री. व्याहीबुवा यांस,
सा. न. वि. वि.

काल ठरल्याप्रमाणे संध्याकाळी पाचला बाटली उघडली. तीच ऑस्ट्रेलियाची लाल वाईन, दुकानात खालच्या फळीवर असते ती. दुकानदार वरच्या फळीवरची दाखवत होता. मी म्हटले, मुलांनी पहिल्यांदा आणून दिली तेव्हापासून आमचे व्याही आणि मी हीच पितो, मध्येच बदलली तर ताळमेळ राहणार नाही.

नोंद अशी. रंग गडद, शिसवीला पॉलिशचा दुसरा हात दिल्यावर येतो तसा. वास आधी पिकलेल्या फळांचा, मग मिरीचा. पहिल्या घोटाला जीभ आवळते, दुसऱ्याला सुटते. बाटलीवरच्या चिठ्ठीत ओकचे लाकूड लिहिले आहे. व्याहीबुवा, मी चाळीस वर्षे रंधा मारला. यात लाकूड नाही, फार तर भुसा आहे. तुम्ही दर वेळी खोकल्याच्या औषधावर जाता, या खेपेला लाकडाकडे लक्ष द्या. शाळा सातवीपर्यंतच झाली, तेव्हा लिहिण्यात कमीजास्त असेल ते सांभाळून घ्या.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पहिल्या रविवारी मुलगा आणि सूनबाई जोडीने येतात. काल तो एकटाच आला. सूनबाई कुठे विचारले तर म्हणाला, कामात आहे. तुमच्या विहीणबाई म्हणतात, मी उगाच जिवाला घोर लावून घेतो. असेलही. पण तो खुर्ची न ओढता उभ्याउभ्याच बोलून गेला. तुमच्या कानावर काही असल्यास कळवावे. नसल्यास नसल्याचे कळवावे, म्हणजे मला झोप लागेल.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

आपला,
व्याही

सोमवार, ता. २ जून

श्री. व्याहीबुवा यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या नियमाप्रमाणे तुमचे पत्र हाती येण्याआधीच हे टपालात टाकतो, म्हणजे एकमेकांचे पाहून लिहिल्याचा आळ नको.

औषधाच्या मापाने साठ मिलीलिटर घेतली. दहा मिनिटे ठेवली, मग चाखली. सुरुवात गोडसर, मध्ये आंबट, शेवटी घशाला किंचित ऊब. मी दवाखान्यात कंपाउंडर असताना लहान मुलांसाठी एक लाल मिश्रण करत असे, त्याची आठवण येते. याला तुम्ही हसता, पण ते मिश्रण मुले मागून घेत. लाकूड लागले नाही. ज्या गृहस्थाने पहिल्या बाटलीचे फिरवायचे झाकण गिरमिटाने भोसकले, त्याच्या सांगण्यावरून मी लाकूड मान्य करणार नाही.

बाकी क्षेम. मुलगी चार दिवस इकडे आली आहे, हवापालटासाठी. सोबत दोन बॅगा, शिवणयंत्र आणि एक कुंडी आणली आहे. काळजीचे कारण नाही.

विहीणबाईंना नमस्कार. स्नेह ठेवावा, तो आम्हीही ठेवतोच.

आपला,
व्याही

सोमवार, ता. ७ जुलै

श्री. व्याहीबुवा यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त वाईनबद्दल आहे. मुलाच्या वकिलांनी सांगितले आहे की सह्या होईपर्यंत त्या घराशी पत्रव्यवहार नको. म्हणून उद्या वकिलांनी हे वाचले तरी त्यांना यात वाईनच सापडावी.

नोंद. रंग नेहमीचा. वास फळांचा कमी, मिरीचा जास्त. घोट जड गेला.

आता पलंगाचे. तो मी केला, तेव्हा माझ्या धंद्यातली गोष्ट आहे, वकिलांची हरकत नसावी. लग्नात दिलेला तो डबल पलंग मुलाने परवा टेम्पोत घालून आणला आणि एकट्यापुरता करून मागितला. मी विचारले, माझ्या मापात चूक झाली होती का. म्हणाला, माप बरोबर होते. मग सगळे सांगितले. मी सोळा स्क्रू काढले आणि करवत हातात घेऊन बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी कापला.

कुंडी घेऊन कोणी हवापालटाला जात नाही, हे मला तुमचे पत्र वाचतानाच कळायला हवे होते. तुम्ही लपवलेत याचा राग नाही. मीही लपवले असते, फक्त मला जमले नसते.

पोरे मोठी आहेत, त्यांचे ती बघतील. माझी काळजी वेगळी आहे, आणि ती सांगायलाही लाज वाटते. त्यांचे मोडले की आपलेही मोडते का? पाकिटावर ‘माजी व्याही’ लिहून पाहिले. माजी नगरसेवकासारखे दिसले. या वयात नवा माणूस कुठून आणू, आणि आणला तर त्याला दोन वर्षांच्या चवी पहिल्यापासून कोण सांगणार? तेवढे कळवावे.

लोभ आहे की नाही, तेही कळवावे.

आपला,
(काय लिहू ते सुचत नाही)

शनिवार, ता. १२ जुलै

श्री. व्याहीबुवा यांस,
नमस्कार.

तुमचे पत्र मुलीच्या हाती पडले. ती म्हणाली, मी ते घर सोडून आले आणि बाबा दर महिन्याला माझ्या सासऱ्यांच्या पत्त्यावर पाकीट पाठवतात. तिचे चुकत नाही. बापाने अशा वेळी एकाच बाजूला बसायला हवे.

म्हणून आता पत्रे थांबवू. घरात हे चालू असताना या महिन्याची बाटली मी उघडली नाही, आडवी करून ठेवली आहे. फिरवायच्या झाकणाची बाटली आडवी ठेवून काही फायदा नसतो, हे मला माहीत आहे.

उत्तर पाठवू नये. प्रकृतीला जपावे.

आपला,
कंपाउंडर

बुधवार, ता. २० ऑगस्ट

श्री. व्याहीबुवा यांस,
सा. न. वि. वि.

पाठवू नका म्हटले होते तरी पाठवतो आहे. वकिलांच्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसून लिहितो. सह्या होऊन अर्धा तास झाला. सूनबाई शेजारी बसली आहे. सूनबाई म्हणू नये हे कळते, पण दुसरा शब्द अजून तयार नाही.

सामानाची यादी होती म्हणून मुलाने मला बरोबर आणले. कारकुनाने ती वाचली. पलंग मुलाकडे, कपाट आणि शिवणयंत्र तिच्याकडे, भांडी निम्मी निम्मी. वकिलांनी विचारले, काही शंका. माझा हात वर गेला. मी मुद्दाम वर केला नाही. मी विचारले, व्याही कोणाकडे लावले आहेत. ते यादीत शोधू लागले आणि म्हणाले, कितव्या नंबरचे सामान. मी म्हटले, नंबर नाही, ते कंपाउंडर आहेत, बसने दोन तासांवर राहतात. वकील म्हणाले, माणसे यादीत येत नाहीत. मी विचारले, म्हणजे त्यांची वाटणी होत नाही? म्हणाले, होत नाही. मी म्हटले, तेवढे लिहून द्या. म्हणाले, त्याला रकाना नाही. मुलगा बुटांकडे बघत होता. 

बाहेर आल्यावर वाटले, ही आता फटकारणार. तिने विचारले, या महिन्याची बाटली कशी निघाली. मी म्हटले, नोंद लिहून खिशात ठेवली आहे, पाठवायला जागा नव्हती. म्हणाली, द्या, मी नेते. तिच्याकडूनच कळले की तुम्ही पहिल्या रविवारी पाचला औषधाचे माप धुऊन पालथे ठेवता आणि त्याच्यासमोर बसता. पत्रांवरून ती बोलली ते रागाच्या भरात, असे ती म्हणाली. राग अजून आहे, पण तो आपल्या दोघांवर नाही. ती दोनदा घड्याळ बघून झाली, म्हणून आवरतो.

ता. ३ ऑगस्टची नोंद. रंग तोच. वास तोच. चव लागली नाही. यात बाटलीची चूक नाही, तेव्हा तिचे गुण कापू नयेत.

लोभाचे यादीत काही नव्हते, तेव्हा तो जिथे होता तिथेच आहे असे धरतो.

आपला,
वरीलप्रमाणे