मोठा ठेवू की छोटा

शनिवार, सकाळी, भांडी घासून झाल्यावर

चि. ढब्बूस,

आशीर्वाद नेहमीएवढेच, त्यात कपात केलेली नाही. मी बरी आहे. उजवा गुडघा कुरकुरतो, पण त्याला तेवढंच काम आहे. शेजारणीच्या मांजरीने माझ्या रिळांच्या खोक्यात पिल्लं घातली आहेत, त्यामुळे लाल दोरा लागला की आधी तिची परवानगी घ्यावी लागते.

तुझे फोन आले, मी उचलले नाहीत. फोन बिघडलेला नाही. फोनवर तू मध्येच "अगं आजी, ऐक ना" म्हणतेस, मी ऐकते, आणि माझं सांगायचं राहून जातं. कागद मध्ये बोलत नाही. शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझा निरोप वाचला. दुकानदाराने दोन कॅमेरे आठवडाभर वापरून बघायला दिलेत, सोमवारी एक परत करायचा आहे. "आजी, मोठा ठेवू की छोटा? दोन्ही तुझ्यासमोरच वापरलेत, तूच सांग." मला विचारलंस हे बरं केलंस. तेव्हा आधी कॅमेऱ्याचंच बोलते.

मोठा जड आहे. गळ्यात अडकवून तू हिंडत होतीस तेव्हा शिक्षा झाल्यासारखी मान खाली गेली होती तुझी. छोटा खिशात जातो. मोठ्याची भिंगं बदलता येतात, आणि त्यातलं ते फुगीर, रुंद भिंग लावलं की अख्खी खोली एका फोटोत मावते. छोट्यात एक कोपरा मावतो, पण लांबचं जवळ ओढता येतं. मेगापिक्सेलचं तू दोनदा समजावलंस, मला एवढंच कळलं की कापडाची वीण घट्ट असली की नक्षी बारीक उमटते. मोठ्याची वीण घट्ट आहे. त्याला अंधारातही दिसतं. छोट्याने काढलेलं माझं स्वयंपाकघर कोळशाच्या वखारीसारखं आलं होतं. बॅटरीचं पुढे बोलते.

तुझा दुकानदार मात्र शहाणा माणूस. तू माझ्या खाटेवर मांडी घालून त्याच्याशी फोनवर बोलत होतीस, त्याचा आवाज मला ऐकू येत होता. तो म्हणाला, "ताई, किंमत राहू द्या. आधी सांगा, फोटो कशाचे काढायचेत? माणसांचे, प्रवासातले, की आणखी कशाचे? कॅमेरा त्यावर ठरतो."

तू माझ्याकडे बघून हसलीस आणि म्हणालीस, "आजीचे."

मी कोणाच्या तरी कोटाला बटणं लावत होते. सुई बोटात गेली. मी बोट तोंडात घातलं.

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून, केस नीट बांधून, कपाटातले निळे कपडे घालून बसले. कानातलेही घातले. भोकं बुजत आली होती, घालताना डोळ्यांत पाणी आलं. हे तुला सांगणार नव्हते. तू दारात उभी राहून म्हणालीस, "आजी, काय झकास दिसतेस." आणि पाठोपाठ, "आधी रिकाम्या खोल्या काढून बघते. हात बसू दे, मग तुझे."

बसू दे हात, म्हटलं. कापायला घ्यायच्या आधी मीही कात्री हवेत चालवून बघते.

मग तुझं सुरू झालं. "बाजूला हो आजी, सावली पडतेय." मी बाजूला झाले. "आजी, आरशात दिसतेस, जरा बाजूला हो." झाले. स्वयंपाकघरात तू माझं फडकं, औषधांचा डबा, चपला, सगळं उचलून न्हाणीत ठेवलंस, आणि न्हाणीचा फोटो काढायची वेळ आली तेव्हा ते सगळं परत स्वयंपाकघरात. मला हसू आलं. मी म्हटलं, "अगं, म्हातारी राहते इथे हे कॅमेऱ्याला कळलं तर तो चावणार आहे का?" तू हसली नाहीस. तेव्हाच कळायला हवं होतं. माझ्या विनोदाला तू कधी न हसता सोडलेलं नाहीस, वाईट विनोदालाही नाही.

आणि मशीन. खिडकीखालचं माझं शिलाई मशीन तुझ्या आजोबांनीही कधी हलवलं नव्हतं. ते झाडायचे ते त्याच्या भोवतीने. तू म्हणालीस, "प्रकाश अडतोय, थोडं सरकवू या." मी एका बाजूने धरलं, तू दुसऱ्या. लोखंडी पाय आहेत, जड आहे. ओढत ओढत घरातल्या बोळात नेलं. माझ्या हाताने नेलं, हे लक्षात ठेव. कुणी जबरदस्ती केली नाही. तू "शाब्बास आजी" म्हणालीस आणि मी खूश झाले.

मग मी खुर्चीवर बसले, हात मांडीवर ठेवून. तू कॅमेरा डोळ्याला लावलास, खाली घेतलास आणि म्हणालीस, "शी, बॅटरी संपली. छोट्याचीही संपलीय. पुढच्या वेळी नक्की."

आता बॅटरीचं. तू निघालीस तेव्हा मी खिडकीत आले होते. मशीन नव्हतं ना, पहिल्यांदाच काचेला नाक लावून उभी राहू शकले. तू रस्ता ओलांडलास, समोरच्या फुटपाथवर तो तीन पायांचा स्टँड उघडलास आणि घराचे पुढून फोटो काढलेस. मोठ्या कॅमेऱ्याने. बराच वेळ. एक मोटार मध्ये आली तर ती जाईपर्यंत थांबलीस.

मी स्वतःला म्हटलं, दुसरी बॅटरी सापडली असेल पिशवीत. मग म्हटलं, सापडली तर पोरगी परत वर का आली नाही? मग म्हटलं, घाईत असेल. एवढं मी कधी कोणाला सांभाळून घेतलेलं नाही, तुझ्या बापालासुद्धा नाही.

गुरुवारी मी शिवलेले कपडे कापडाच्या दुकानात पोचवायला जाते हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. या गुरुवारी गुडघ्यामुळे गेले नाही. दुपारी बघते तर रस्त्यात एक जोडपं उभं. नवराबायको. बायको एकदा फोनमध्ये बघे, एकदा माझ्या घराकडे. मी खिडकी उघडून विचारलं, "कोणाकडे जायचंय?"

ती दचकली. म्हणाली, "घर रिकामं असेल म्हणाले होते. आम्ही फक्त बाहेरून बघणार होतो."

"कोण म्हणालं?"

"एजंट. मालकिणीच्या मुलाने त्यांना सांगितलं होतं."

मी त्यांना आत बोलावलं. पाणी दिलं. ती बिचारी घाबरत घाबरत फोन माझ्यापुढे धरत गेली. माझी खोली नाचायला पुरेल एवढी मोठी. माझं स्वयंपाकघर उजळलेलं. प्रत्येक खोली होती, न्हाणीसुद्धा. मी नव्हते. आरशातही नव्हते.

नवरा म्हणाला, "फोटोत बरंच मोठं दिसतं."

मी म्हटलं, "रुंद भिंग आहे. माझ्या नातीने काढलेत."

तो म्हणाला, "हो, एजंट म्हणाले, त्यांच्याकडे नवीनच कामाला लागलीय, घरचीच मुलगी आहे. आणि आजींना मुलगा स्वतःकडे नेणार आहे, म्हणून घर विकायचंय." मग त्याला कळलं की आजी कोण. पाण्याचा पेला कुठे ठेवावा ते त्याला सुचेना.

तुझ्या बापाचं मला नवल वाटलं नाही. पोटचा आहे, पण लहानपणापासून मागायच्या आधी उचलायची सवय. त्याच्या घरात मला नेणार म्हणजे कपड्यांच्या कपाटामागच्या त्या खोलीत. तिचा फोटो काढलास का? रुंद भिंगाची खरी गरज तिथे आहे.

नवल तुझं वाटलं. तुला काम मिळालंय हे सांगितलं असतंस तर मी पेढे वाटल्यासारखी गल्लीभर सांगत सुटले असते. "आजी, बाबा म्हणतात घर विकू या" असं तोंडावर म्हणाली असतीस, तर मी तुला चार शब्द सुनावले असते, बापाला चाळीस, आणि मग जेवायला वाढलं असतं. तू तेही केलं नाहीस. तू मला कानातले घालायला लावलेस.

त्या बाईने एक फोटो मोठा करून मला विचारलं, "इथे खिडकीखाली फरशीवर हे काळे डाग कसले? ओल आहे का?"

मी चष्मा लावून बघितलं. मशीनच्या पायांच्या खुणा. वर्षानुवर्षं पाय तिथेच होते, फरशी तिथे दबून काळी झालीय. तुला त्या दिसल्या नसतील, पण तुझ्या कॅमेऱ्याला दिसल्या. घट्ट विणीचा ना तो.

"ओल नाही," मी म्हटलं. "इथे मी बसते."

त्यानंतर ती दोघं घर बघेनात. जायला निघाली, तेव्हा मीच थांबवलं. म्हटलं, आलाच आहात तर एक काम करा. नवऱ्याने एका बाजूने धरलं, बायकोने दुसऱ्या, मी पुढे राहून वाट दाखवली. मशीन बोळातून परत खिडकीखाली आलं. पाय बरोब्बर खुणांवर बसवले. घामाघूम झाला बिचारा. त्याच्या शर्टाचं बटण लोंबत होतं, ते तिथेच बसून लावून दिलं. ज्याला तुम्ही माझं घर बघायला पाठवलंत, त्याच्याच हातून माझी जागा मला परत मिळाली. माणूस चांगला आहे, त्याला दुसरीकडे घर मिळो.

घर माझ्या नावावर आहे, त्याला सही माझी लागते. सही मला येते. चौथीपर्यंत तेवढं शिकवलं होतं. ती मी करणार नाही, एवढं बापाला सांग. बाकीचं त्याने इथे येऊन ऐकावं, ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.

आता तुझा प्रश्न. मोठा ठेव. तुझं काम घरांचं आहे, त्याला तोच लागतो, आणि काम सोडू नकोस. माझ्यावर रुसून छोटा घेशील आणि नोकरी घालवशील, तर तो मूर्खपणा माझ्या नावावर नको. जास्तीची बॅटरी मात्र घे. पुढच्या वेळी ती संपली असं सांगायची सोय राहू नये.

दुसऱ्या कोणाच्या घरी फोटो काढायला जाशील तेव्हा तिथल्या म्हातारीला आधी सांग की घर विकायचं आहे. मग तिला बाजूला व्हायला सांग.

माझा फोटो राहिला आहे. ये कधीतरी काढायला, कोणत्याही कॅमेऱ्याने. मी मशीनवर बसलेली असेन. निळे कपडे आणि कानातले नसतील, ते परत डबीत गेले. आणि प्रकाश अडला तर अडू दे.

आता बाजूला न होणारी,
तुझी आजी