माझ्यामागे चंदाबाईने कुठे राहावे याबद्दल

मी, प्रेमदास थावरा राठोड, वय ७४, पूर्वी एसटीत चालक, आता शेती, राहणार साखरा तांडा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या उजव्या हाताने लिहीत आहे. डावा हात गेल्या श्रावणापासून कमी चालतो. बुद्धी जागेवर आहे. सेनगावच्या डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही, असेही लिहावे लागते. दडपण नाही, हे खरे. पण भीती आहे. वकीलसाहेब म्हणाले, "भीती हा शब्द काढा. उद्या कोणी म्हणेल, घाबरून लिहिलं." मी म्हणालो, "साहेब, घाबरूनच लिहून राहिलो. मरणाचं एवढं न्हाई. चंदाच्या आधी मरायचं भेव वाटतं." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि तो शब्द राहू दिला.

कलम १. माझे कुटुंब असे. पत्नी चंदाबाई. मुलगा विकास, पुण्याला कारखान्यात सुपरवायझर, आणि सून पुजा. मुलगी शिला, डोंगरकड्याला दिली आहे, तिथे तिचे शिवणकामाचे दुकान आहे. थोरली संगिता पाळण्यातच गेली. कायद्याला तिचे काम नाही, तरी नाव लिहितो.

चंदाबाईला विसरण्याचा आजार आहे. आधी भाजीत मीठ दोनदा पडू लागले. मग चुलीवरचे दूध विसरले, मग नातवंडांची नावे. मला ती कधी ओळखते, कधी तिचा भाऊ समजते. त्यानंतर तिची मराठी गेली. सेनगावच्या बाजारात भल्याभल्या दुकानदारांना भाव खाली आणायला लावणारी बाई, आता तिला मराठीत 'पाणी हवे का' विचारले तर नुसते तोंडाकडे बघते. राहिली आहे ती आमची, बंजाऱ्यांची, गोरमाटी बोली. तांड्यात हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. बाहेर गेल्यावर काय होते, ते पुढे लिहितो.

कलम २. मृत्युपत्र करण्याचे कारण. श्रावणातली दुपार होती, माणसे शेतात फवारणीला गेलेली. मी पाणी प्यायला उठलो आणि माठाजवळच पडलो. डावे अंग गेले, जीभ गेली. डोळे आणि कान तेवढे चालू होते. चंदाबाई आली, शेजारी बसली. माझ्या ओठांवर हात धरून बघितला. मग तिने ओढणी काढून माझ्या तोंडावर घातली आणि मेलेल्या माणसापाशी आमच्या बायका सुरात रडतात तशी रडायला लागली.

एसटीत असताना ब्रेक गेलेली गाडी मी घाट उतरवली आहे. त्या दिवसाइतका तेव्हाही घाबरलो नव्हतो. ओढणीखाली मी जिवंत होतो आणि सांगू शकत नव्हतो. आणि ती रडत होती त्यात सगळे होते. लग्नानंतर मी तिला माझ्याच गाडीत, चालकाच्या मागच्या सीटवर बसवून हिंगोलीला नेले होते, ते. मी कधी हात उगारला नाही, ते. शेवटी म्हणाली, संगिता भेटली तर तिला सांगा, आई येते आहे. सकाळी काय खाल्ले ते न सांगता येणारी बाई हे सगळे सुरात सांगत होती.

ते रडणे नानीबाईने ऐकले. नानीबाई माझा चुलतभाऊ मोहनसिंग याची बायको. आमच्या दोन घरांत शेताच्या बांधाच्या वादावरून बोलणे बंद होते. ती बांधावर भाजी तोडत होती, तशीच ओटीतली भाजी टाकून धावत आली. तिने ओढणी उचलली, माझा डोळा हललेला पाहिला. "अगं बाई, हे तर जिते हायेत," म्हणाली, आणि बाहेर जाऊन तांडा गोळा केला. साखऱ्याचे अमृतराव यांनी जीप काढली. वेळेत दवाखाना मिळाला म्हणून मी आज लिहू शकतो.

कलम ३. ज्येष्ठांच्या वसाहतीबद्दल. विकासने आम्हाला तिथे टाकले, असे तांड्यात बोलले जाते. ते खोटे आहे, म्हणून इथे लेखी देतो. दवाखान्यातून सुटल्यावर त्याने माझ्या पायाशी बसून विचारले, "बाबा, आमच्या दोन खोल्यांत आई दिवसभर कुलपात राहील. पुजा आणि मी दोघंही कामावर जातो. पुण्याजवळ एक चांगली जागा आहे. महिनाभर राहून तरी बघा." मी स्वतः हो म्हणालो. आश्विनात आम्ही गेलो.

जागा खरोखर चांगली होती. नाव लिहीत नाही, कारण मला तिची बदनामीही करायची नाही आणि जाहिरातही. संडासात धरायला दांड्या, पलंगापाशी घंटी, घंटी वाजवली की माणूस हजर. रोज एक मुलगी येऊन माझ्या हाताचा व्यायाम घेई. आज डाव्या हातात पेला राहतो तो तिच्यामुळे. संध्याकाळी बाकावर माझ्या वयाची माणसे बसत, गुडघ्यांबद्दल आणि मुलांबद्दल बोलत. मला तिथे करमत होते, हेही खरे लिहितो. एकटा असतो तर राहिलो असतो.

चंदाबाईला दिवे लागले की काहूर उठे. गुरे बांधायची राहिली म्हणून ती दाराकडे जाई. एकदा जेवणाच्या मोठ्या खोलीत ती तसेच सुरात रडायला लागली. लोकांचे घास थांबले. तिला आत नेले, औषध दिले. ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. मग व्यवस्थापक मॅडम म्हणाल्या की अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे त्यांना जास्त सुरक्षित वाटते, आणि मी रोज दुपारी भेटू शकेन. वाईट बाई नव्हत्या. नियम सांगत होत्या.

त्या विभागात ती जेवेना, ताट ढकलून देई. तिथल्या माणसांनी लिहून ठेवले की रुग्ण चिडखोर आहे, आणि औषध वाढवले. मी भेटायला गेलो तेव्हा मला बघताच ती गाल धरून बोलली. दाढ सुजली होती. कोणीतरी बघावे म्हणून ती येईल त्याला तेच सांगत होती, आमच्या बोलीत, आणि तिथे ती बोली कोणाला येत नव्हती. मी सांगितल्यावर नर्स पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. "आजोबा, मला वाटलं त्या शिव्या देतायत," म्हणाली. तिचा काय दोष?

मी मॅडमना विचारले, "मी आधी गेलो तर हिचं काय?"

त्या म्हणाल्या, "त्यांना आम्ही शेवटपर्यंत सांभाळू. काही काळजी करू नका."

त्यांनी ते मला धीर यावा म्हणून सांगितले, पण मला त्यात निराळेच ऐकू आले. शेवटपर्यंत, म्हणजे ती तिथे बोलत राहणार, आणि दुखते की भूक लागली की मरते आहे, हे कोणालाही कळणार नाही. महिना भरायच्या आत आम्ही परत आलो.

कलम ४. तांड्याबद्दलही खरे लिहिले पाहिजे, नाहीतर तराजूचे एकच पारडे भरल्यासारखे होईल. दिवाळी झाली की आमचा तांडा ऊसतोडीला जातो. घरांना कुलपे लागतात. मागे राहतात म्हातारी आणि कुत्री. श्रावणात मी पडलो म्हणून वाचलो, पौषात पडलो असतो तर चंदाबाईचे रडणे ऐकायला कोण होते? नानीबाईसुद्धा दरसाल लेकांबरोबर जाई, यंदा गुडघ्यांमुळे मागे राहिली एवढेच.

आल्यावर थोड्याच दिवसांनी एका सकाळी चंदाबाई घरात नव्हती. काठी घेऊन निघालो. हाक मारली तर धावत येईल असा माणूस नाही. आमच्या शिवारात बिनकठड्याच्या विहिरी आहेत. प्रत्येक विहिरीपाशी जायचे, आत डोकावायचे आणि डोकावायच्या आधी डोळे मिटून उभे राहायचे, असे मी करत गेलो. शेवटी ती सेनगावच्या रस्त्यावर एसटीच्या थांब्यावर सापडली. डोक्यावर ओढणी घेऊन नीट बसली होती. मला म्हणाली, भाऊ, गाडी यायची आहे, माझा माणूसच चालवतो.

हे मी विकासला फोनवर सांगितले. तो म्हणाला, "बाबा, वसाहतीत भाषा कळत नाही, मान्य. पण तांड्यापासून दवाखाना किती लांब आहे? भाषा कळून तिचं दुखणं बरं होणार आहे का?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते, म्हणून तेही लिहून ठेवतो.

कलम ५. त्यानंतर जे झाले त्यावरून मी घराची व्यवस्था करीत आहे. नानीबाई आली आणि ओट्यावर बसून बोलली. गोरमाटीत बोलली, इथे मराठीत लिहितो. "तुमी दोघं इकडं भिऊन राहिलात, आमी दोघं तिकडं भिऊन राहिलो. येगयेगळं काहून भ्यायचं? तुमचं घर पक्कं हाय. आमी बी इथंच येतो पडायला."

त्या दिवसापासून ती आणि मोहनसिंग इथे राहतात. नंतर पलीकडच्या आळीतली आणखी दोघे आली. एक परत गेला, मोहनसिंगच्या खोकल्याला आणि टीव्हीच्या आवाजाला कंटाळून. भांडणे होतात. पण पहाटे कोण उठले नाही, ते दुसऱ्याला कळते. चंदाबाई रडू लागली तर नानीबाई तिच्याबरोबर सूर धरते, तिला थोपटते, आणि ती थांबते. गोळी लागत नाही.

संक्रांतीला विकास आला तो गवंडी घेऊनच. न्हाणीत दांड्या बसवल्या, उंबरा काढून उतार केला, प्रत्येक खाटेपाशी घंटी लावली. जाताना त्याने अमृतरावांच्या जीपचा नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहिला. वसाहतीत त्याने काय काय बघून ठेवले होते ते मला तेव्हा कळले.

सबब, हे राहते घर, जे मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर स्वकमाईने बांधले, ते मुलगी शिला हिच्या मालकीचे होईल. मात्र पत्नी चंदाबाईला त्यात हयातभर राहण्याचा पूर्ण हक्क राहील. तसेच तांडा ऊसतोडीला गेल्यावर मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांपैकी जो येईल त्याला इथे राहू द्यावे. त्याचे भाडे घेऊ नये. शिलाला विचारूनच हे लिहिले आहे. ती म्हणाली, "बा, दुकान बंद करून मला हिथं राहता येत न्हाई, पण दर आठवड्याला येईन." तेवढे पुरेल की नाही, मला ठाऊक नाही.

कलम ६. वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्सा विकासला द्यावा. बँकेतील शिल्लक आधी चंदाबाईच्या औषधपाण्याला, आणि उरेल ती या घरात राहणाऱ्यांच्या धान्याला वापरावी. गाडीच्या पान्यांची पेटी शिलाला. लहानपणी माझ्या हातात पाना देणारी तीच, विकास तेव्हा तेलाच्या वासाने पळायचा. माझी खाकी कोणीही शेतात घालावी, कापड अजून घट्ट आहे.

मोहनसिंगशी बांधावरून असलेला वाद मी कोणालाही वारशाने देत नाही. बांध त्याने सरकवला होता, हे माझे म्हणणे कायम आहे. पण विकासने ते पुढे चालवू नये.

कलम ७. मी आधी गेलो तर. हेच कलम लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. चंदाबाईने या घरात, नानीबाईजवळ राहावे. कोणी नसेल तेव्हा शिलाने तिला डोंगरकड्याला न्यावे. पण असा दिवस येऊ शकतो की तिची गोरमाटीही जाईल. मग इथे आणि तिथे सारखेच. त्या दिवसानंतर दांड्या, डॉक्टर आणि स्वच्छ अंथरूण यांचेच मोल जास्त, आणि विकासने तिला त्या वसाहतीत ठेवले तर कोणी त्याला बोल लावू नये. तो दिवस आला की नाही, हे डॉक्टरने ठरवू नये, मुलांनीही नाही. नानीबाईने ठरवावे. मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "आन मीच आदी गेले तर?" त्या जागी दुसरे नाव मला सुचलेले नाही. कलम तसेच ठेवले आहे.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शिलाने करावी.

कलम ९. शेवटची सूचना. ती निघून जाईल म्हणून मला अनेकांनी सांगितले की दाराला बाहेरून कडी घाला. वसाहतीतही फाटक बंदच असे, आणि त्यामुळे मला रात्री झोप लागे, हे नाकारत नाही. विहिरी अजून उघड्याच आहेत आणि माझी भीती गेलेली नाही. तरीही चंदाबाई आत असताना बाहेरून कडी कोणीही लावू नये. ती उठून चालू लागली तर अडवू नये, ओढू नये. घरात जो कोणी असेल त्याने चप्पल घालावी आणि तिच्या मागे मागे चालावे. ती थकली की आपणच बसते. मग तिला घेऊन घरी यावे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, स्वतः वाचला आणि साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांच्यासमोर सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली. चंदाबाई शेजारीच बसली होती.

ठिकाण: साखरा तांडा, ता. सेनगाव, जि. हिंगोली
दिनांक: १९ फेब्रुवारी २०२५

(सही) प्रेमदास थावरा राठोड

साक्षीदार:
१. (सही) अमृतराव, राहणार साखरा. जीप माझी आहे. बोलावले तेव्हा येईन.
२. (सही) कोंडीबा, निवृत्त वाहक, राहणार सेनगाव. यांच्याच गाडीवर नोकरी केली. यांना भ्यालेले मी आज पहिल्यांदा पाहिले, पण सही एका दमात केली.