नावाड्याच्या घरामागचा डबा

आई,

नमस्कार. आधी हे वाच आणि मगच काळजी कर: मी ठणठणीत आहे, दोन्ही वेळा जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे?

बेटावरचं काम तसं सोपं. घरांमागे काळे डबे ठेवायचे, आत थोडं पाणी आणि एक फडकं. डास फडक्यावर अंडी घालतात. दर सात दिवसांनी पाणी ओतून टाकायचं आणि अंडी मोजून आकडा कळवायचा, म्हणजे साथ येण्याआधीच सुगावा लागतो. हसू नकोस, तुझी लेक डासांची अंडी मोजते!

आई, एक डबा माझ्याकडून राहिला. नावाड्याच्या घरामागचा. गेल्या आठवड्यात वाटेत गुडघाभर चिखल होता, म्हणून गेलेच नाही आणि वहीत मात्र ‘पाहिला’ अशी खूण केली. काल गेले तेव्हा त्यातलं पाणी ओतून चौदा दिवस झाले होते. पाण्यावर अळ्यांच्या नुसत्या रिकाम्या काती तरंगत होत्या. डास केव्हाच उडून गेले होते.

नावाड्याच्या मुलीला परवापासून ताप आहे. तिचं बोट टोचताना माझी सुई दोनदा चुकली. रक्ताचा थेंब टिपलेला कागद तपासणीला तिचा बापच होडीतून घेऊन गेला. शुक्रवारी कळेल.

तिची आई म्हणाली, “ताई, तुम्ही डबा ठेवलात म्हणून आम्ही निर्धास्त होतो.”

मी वही मिटून पिशवीत टाकली.

बाबांना फक्त वरच्या दोन ओळी वाचून दाखव.

तुझी धाकटी