गेटच्या डोळ्यांना कुंकू

बाबा, आमच्या कुडव्याच्या घराला आता विजेवर चालणारं गेट आहे. तुम्ही होता तेव्हा असलं काही आपल्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून आधी तेच सांगते. लोखंडी गेट रुळावरून बाजूला सरकतं, कडेला मोटरचा डबा असतो, रिमोटचं बटण दाबलं की ते उघडतं आणि पुन्हा दाबलं की मिटतं. ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी जड काही ढकलायला मनाई केली, तेव्हा मुलाने हौसेने बसवून दिलं. तो नोकरीला देवरीला असतो, सुटीला येतो. सून आणि नात आमच्याजवळ. नात नुकतीच पळायला शिकली आहे आणि तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. मला त्या गेटची भीती वाटते बाबा. घरात सांगितलं की सगळे हसतात, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

दसऱ्याला तुम्ही राईस मिलमधल्या मोटरींची पूजा करायचात. आधी मेन स्विच पाडायचा, मग स्टार्टरच्या डब्यावर हळदकुंकवाची बोटं ओढायची, झेंडूचं फूल ठेवायचं. मी तेच करत आले. स्कूटर झाली, मिक्सर झाला, शिलाई मशीन झाली, आणि यंदा गेटची पाळी. डब्याला कुंकू लावलं तर दोन्ही खांबांवर ते काळ्या काचेचे डोळे दिसले. त्यांना कशाला वगळायचं, म्हणून दोघांनाही चांगलं ओलं कुंकू थापलं आणि वर अक्षता चिकटवल्या. मध्ये कुणी आलं की त्या डोळ्यांना कळतं आणि गेट थांबतं, हे बसवणाऱ्याने समजावलं होतं म्हणे. मी तेव्हा त्याच्यासाठी चहा ठेवायला आत गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून गेट मिटेना. थोडं सरकायचं आणि उलट फिरायचं. ह्यांनी रूळ झाडला, धानाच्या तणसाच्या काड्या काढल्या, ग्रीस लावलं. शेजारी म्हणाले, व्होल्टेज कमी आहे. गेट उघडंच राहायचं आणि रस्त्यावरच्या गाई आत येऊन माझी जास्वंद खाऊन जायच्या. शेवटी ह्यांनी गोंदियाच्या फिटरला फोन लावला. तो सणाच्या गडबडीत होता. ‘‘अंकल, सेंसर का प्रॉब्लेम है. अभी दो पॉइंट में तार जोड दो, गेट चल जाएगा. दिवाली के बाद आके देखता हूँ,’’ म्हणाला. ह्यांनी तार जोडली. गेट सुरळीत मिटलं. सुनेने टाळ्या वाजवल्या, आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. डोळ्यांना फाटा देऊन गेट चालतं आहे, म्हणजे आता त्याला समोरचं काहीच दिसत नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दिवाळी झाली आणि मुलगा देवरीला परत निघाला. मोटरसायकल बाहेर पडली, ह्यांनी ओसरीतून बटण दाबलं आणि वर्तमानपत्र उचललं. मी तुळशीपाशी आहे. नात ‘‘पप्पा, पप्पा’’ करत माझ्या बाजूने पळते आणि नेमकी रुळावर जाऊन थांबते, रस्त्याकडे हात हलवते. गेट तिच्याकडे येतं आहे. मी वाट पाहते, बाबा. आता थांबेल, आता थांबेल, म्हणून मी क्षणभर नुसती बघत उभी राहते. ते थांबत नाही. मग मी कशी पोचले ते मला ठाऊक नाही. फ्रॉक मागून धरून तिला ओढलं, आम्ही दोघी फरशीवर पडलो, आणि फ्रॉकचा घेर गेट आणि खांबाच्या मध्ये चेपून राहिला. ह्यांना तो कात्रीने कापून काढावा लागला. नात आधी हसली, मग माझ्याकडे बघून रडू लागली, कारण मी तिच्यावर हात उगारला होता.

तो हात तुमचा होता. लहानपणी मी मिलमध्ये तुमचा जेवणाचा डबा घेऊन आले होते आणि चालत्या पट्ट्याखालून वाकून गेले होते, त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या पाठीत धपाटा घातला होता. ‘‘तिकडं काऊन गेली? पट्टा का तुले पाहून थांबते?’’ असं ओरडलात आणि मग पोत्यावर बसून पाणी मागितलंत. ते पाणी तुमच्या सदऱ्यावर सांडत होतं. मी किती दिवस तुमच्याशी बोलले नाही. मला वाटत होतं तुम्ही रागावला आहात.

नातीचा फ्रॉक कापला त्याच दुपारी मी मेन स्विच पाडून ओलं फडकं घेतलं. कुंकू वाळून काचेवर खपली धरली होती, तांदूळसुद्धा जागचे हलले नव्हते. घासून घासून काचा पुसल्या. ह्यांनी जोडलेली तार काढली. मग स्विच चढवून मी रुळावर केरसुणी आडवी धरली आणि ह्यांना म्हटलं, दाबा. गेट आलं, थबकलं, मागे गेलं. मी पुन्हा धरली, पुन्हा, हात भरून येईपर्यंत. ‘‘झालं नं आता, चांगलं चालून राहिलं. कायले भेऊन राहिली?’’ हे म्हणाले. मी मान डोलावली.

पण तेव्हापासून मी सकाळी उठले की गेटचा स्विच बंद करते. चावी फिरवून गेट मोटरपासून सोडवते आणि हाताने ढकलते. घरात सांगते, लाईन गेली. स्वयंपाकघरात मिक्सर चालू असतो, तरी सांगते, गेटचीच गेली, वायर जुनी आहे. सून चकित होऊन बघते. हे मात्र एकदाही काही विचारत नाहीत. मला वाटायचं, औषधांमुळे ह्यांचं लक्ष नसतं.

काल मुलगा आला. ‘‘आई, रिमोट कुठंय?’’ म्हणाला. आता खोटं उघडं पडणार, म्हणून मी घाईने तो ह्यांच्या उशाखालून काढला आणि सेल काढून टाकावेत म्हणून मागचं झाकण उघडलं. आत सेलच नव्हते. दाराशी हे उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, ‘‘संपले असतील.’’

मी झाकण लावून टाकलं आणि मुलाला म्हटलं, हो, संपलेत. हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, शिलाई मशीनच्या खणात राहील. ह्यांना मी काही बोलले नाही. आजही मीच गेट ढकललं, आणि हे माझ्यामागे नातीचा हात घट्ट धरून उभे होते.