जास्तच निळा डोंगर

मिनीॲपोलिस, ६ ऑक्टोबर

ती. बाबांना इंगाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही विषय उडवून लावता, म्हणून लिहिते. फोटो मिळाले. लार्चची झाडं या दिवसांत पिवळी होतात, कबूल. पण तुमची तर पेटलीच आहेत, आणि मागचा डोंगर निळीत बुचकळून काढलेला. आई असताना तुमचे फोटो असे भडक नसायचे. हा थाट कुणासाठी? चर्चमध्ये कॉफीला कुणी नवी बाई येते का? असेल तर सरळ सांगा.

शेजारचे लायलकाका म्हणाले, रस्त्यावरच्या आपल्या टपालपेटीचा खांब मोडलाय. तो कसा मोडला?

माया असू द्या.
इंगा

डार्बी, माँटाना, १३ ऑक्टोबर

चि. इंगाला अनेक आशीर्वाद.

बाई-बिई कुणी नाही. याला एचडीआर म्हणतात. तिपाईवर कॅमेरा ठेवून एकच देखावा तीनदा टिपायचा, एकदा काळोखा, एकदा बेताचा, एकदा उजळ, आणि संगणकावर तिन्ही एकत्र करायचे. मग ढगही दिसतात आणि सावलीतलं गवतही. रंग मला दिसतात तेवढेच ठेवलेत. तुलाच शहरात राहून राखाडीची सवय झालीय.

खांब अस्वलानं पाडला. लायलला दुसरा उद्योग नाही. सोबत अंगणाचा ताजा फोटो.

जपून राहा.
बाबा

मिनीॲपोलिस, १९ ऑक्टोबर

ती. बाबांना सा. न.

अस्वल पिकअप चालवत होतं का? तुमच्या गाडीच्या बंपरला पोचा आलाय आणि त्यावर टपालपेटीचा हिरवा रंग लागलाय. गाडी झाडाखाली उभी आहे. साध्या फोटोत मला काहीच दिसलं नसतं, पण सावली तुम्हीच हौसेनं उजळलीत.

मग मी तुमचे तीन वर्षांचे फोटो जमिनीवर मांडले. डोंगर दरवर्षी आणखी निळा होत गेलाय. तुम्हाला खरंच दिसतं तेवढंच तुम्ही ठेवत असाल, तर तुमच्या डोळ्यांत काहीतरी बिघडलंय. बाबा, टपालपेटीजवळच्या वळणावर शाळेची बस थांबते. मला भीती वाटते. लायलकाका तुम्हाला डॉक्टरकडे नेणार आहेत. नाही म्हणालात तर मी स्वतः येऊन नेईन.

रागावलात तरी चालेल.
इंगा

डार्बी, २७ ऑक्टोबर

चि. इंगास आशीर्वाद.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी सगळं जग पिवळट, मळक्या काचेतून बघतोय, म्हणून निळा रंग कितीही चढवला तरी मला कमीच वाटतो. गाडीच्या किल्ल्या लायलकडे दिल्यात. खांब मीच पाडला. तो मला दिसलाच नाही. अस्वलाची थाप मारली, त्याची लाज वाटते.

पण डोळ्यांचं मी लपवलं नव्हतं. तुझी आई गेली त्या हिवाळ्यापासून डोंगर फिका पडत गेला. मला वाटलं, माणूस गेल्यावर असंच दिसत असेल, म्हणून कुणाला बोललो नाही. ती होती तेव्हा दिसायचा तसा तो फोटोत करत बसायचो.

शस्त्रक्रिया बारा नोव्हेंबरला आहे. तिची भीती नाही. पट्टी काढल्यावरही तो फिकाच दिसला तर, या विचारानं मात्र झोप येत नाही. त्या दिवशी तू माझ्याजवळ अस.

तुझा,
बाबा