काडीने काढलेली गोचीड

चि. धाकट्यास, ताईचे आशीर्वाद.

रविवार, नऊ जून, सायंकाळी सव्वापाच वाजता तू माझा फोन मध्येच ठेवलास, म्हणून लिहिते.

इथे लेकीकडे रानात फिरताना तुझ्यासारखीच मलाही गोचीड चिकटली. तिने बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढली, जागा साबणाने धुतली. मी ठणठणीत आहे. आता विजार मोज्यांत खोचून फिरते. जावई हसतात, हसू देत.

तू मात्र तुझ्या गोचिडीला पेटती काडी लावलीस! वर म्हणतोस, "ताई, उगाच बाऊ करू नकोस." तेवढ्यात मागून तुझी बायको म्हणाली, "अहो, ताप अजून उतरला नाही," आणि फोन बंद.

पत्र मिळताच डॉक्टरांकडे जा, गोचीड चावल्याचं सांग. चावलेल्या जागी लाल चट्टा पसरतोय का? वीस तारखेच्या आत लेखी उत्तर हवं, तुझ्याच हस्ताक्षरात. बायकोने लिहिलेलं चालणार नाही.

तुझी ताई