माझ्या मार्गदर्शनाखाली

३ मार्च
डॉक्टरकीच्या लायसन्सची परीक्षा तीनदा दिली. लोक नापास म्हणतात, मी अनुभव म्हणतो. तो वाया जाऊ नये म्हणून ज्युनियर्ससाठी मार्गदर्शन गट काढला. दोघं आले. एक चष्मिश मुलगी आणि एक सारखा जांभया देणारा. दोघंही पहिल्यांदाच बसणार. कच्ची मडकी!

मी यंदा पास होणारच. व्हावंच लागेल, नियमाने हा शेवटचा अटेम्प्ट. आई म्हणाली, मग स्वतः वाच की मेल्या. तिला यातलं काय कळतं?

९ मार्च, सकाळी
वाचायला बसणार होतो. आधी चष्मिशच्या नोट्समधल्या चुका शोधल्या. एकही नाही. म्हणजे नुसती घोकंपट्टी. तोंडावर सांगितलं. रडवेली झाली. होऊ दे.

१४ मार्च
प्रॅक्टिकलला पेशंट खरे नसतात, नट आणून बसवतात. चष्मिश म्हणे, तरी नाव विचारायचं, धीर द्यायचा, त्यालाच मार्क आहेत. मी म्हटलं, डॉक्टर व्हायचंय की पोपट? निदान महत्त्वाचं! तेवढ्यात जांभईबहाद्दराने जांभई दिली. त्याला हाकलला. ती आपणहून गेली. गेली उडत.

वाचन उद्यापासून.

२ एप्रिल
प्रॅक्टिकल. एक काका छाती धरून कण्हत होते. नाडी फर्स्टक्लास, बीपी माझ्यापेक्षा बरं. म्हटलं, काका, नाटक पुरे, तुम्हाला काहीही झालेलं नाही! तरी कण्हतायत. लाज वाटते का, विचारलं. घंटा होईपर्यंत भांडलो. परीक्षक बाई खाली मान घालून भराभर लिहीत होत्या. अख्ख्या हॉलमध्ये बरोबर निदान मी एकट्याने केलं.

२० एप्रिल
रिझल्ट. चष्मिश पास. तो जांभईबहाद्दरसुद्धा! माझं झालं नाही. परीक्षक आतून मिळालेले, तो नट त्यांचाच मेहुणा असणार. आईने ताट वाढलं. जेवलो नाही. मोरीत नळ सोडून रडलो.

४ मे
चष्मिशचा फोन. गट आता ती चालवते, मला दर शनिवारी बोलावलंय. म्हटलं, आलीस ना शेवटी सिनियरकडे? काय शिकवू?

म्हणाली, शिकवायचं नाही दादा, पेशंट व्हायचं. चिडलेल्या माणसाला शांत कसं करायचं, त्याचा पोरांना सराव हवाय. तुम्हाला अभिनयसुद्धा करावा लागणार नाही.

फोन आपटला.

मग परत लावला. शनिवारी किती वाजता यायचं, ते विचारलं.